सोमवारी बंद

मार्च लागला की मी अख्खं नागपूर
कूलरच्या मागच्या बाजूनं पाहतो.
जुनी जाळी उतरवतो, नवा वाळा भरतो,
पंपात अडकलेली शेवाळ काडीनं काढतो
आणि दुपारी जिथं असेन तिथं जेवतो.

म्हणून मला रस्त्यांची नावं लागत नाहीत.
तर्री कुठं नुसतीच लाल आणि कुठं खरी,
पाटोडीचा रस्सा कुठं दुपारी दोनलाच संपतो,
कुठल्या गल्लीत घाम कपाळावर येतो
आणि कुठल्या गल्लीत थेट टाळूच्या मधोमध,
हे विचारा.

गोळीबार चौकाच्या मागं
द्रौपदाबाई निखारेंचं सावजी भोजनालय.
चार टेबलं, एक बाक, हात धुवायला ड्रम.
रश्श्यावर तेलाचा तवंग असा
की चमचाही बुडण्याआधी थोडा विचार करतो.
तीन उन्हाळ्यांत सतरा वेळा विचारलं असेल मी,
मसाल्यात काय काय घालता, बाई?
"मिरची."
आणि?
"आणि आगाऊ गिऱ्हाईक."

परवा त्यांचाच फोन आला:
कूलर नुसताच घुरघुरून राहिला, हवा नाही देत,
सोमवारी ये, सोमवारी बंद असते.

शटर गुडघ्याइतकं वर. वाकून आत गेलो.
खुर्च्या टेबलांवर उलट्या,
भट्टी गार,
आणि रोजचा तो वास नाही.
वास नसलेलं भोजनालय
मी पहिल्यांदाच पाहिलं. जरा ओशाळल्यासारखं दिसत होतं.

मागच्या खोलीत द्रौपदाबाई खाली बसून जेवत होत्या.
ताटात भात, पांढरा.
त्यावर हरभऱ्याच्या भरड्याचे दोन गोळे,
मुठीत वळलेले, बोटांच्या खुणा तशाच.
वाटीत पातळ कढी.
छोट्या कढल्यात तेल, हिंग, एक सुकी मिरची. एकच.

मी तोंडावर हात ठेवला असणार, कारण त्या म्हणाल्या,
"काऊन, भूत पाह्यलं का?"
बाई, तुम्ही हे खाता?
"मंग काय तो रस्सा खाऊ? रोज?
तो विकाले असते, बाप्पा.
पोटाले थोडीच मिशा दाखवाच्या असतात."

मग ताट वाढलं. मी नको म्हणालो नाही,
खाण्याला नको म्हणायची सवय मला नाही.
गोळा फोडला, त्यावर गरम तेल चर्र ओतलं,
हिंग नाकात गेला
आणि सकाळपासूनचं ऊन कुठंतरी खाली बसलं.
गोळा कसा करायचा ते त्यांनी न विचारताच सांगितलं:
भरडा जाडच हवा, मोहन सढळ,
पाण्याचा नुसता हबका,
भात आटत आला की वर ठेव, झाकण ठेव,
"आन् झाकण उचलून पाहू नको सारखं."
मसाल्याचं मात्र एक अक्षर नाही.

कूलर लागला. वाळ्याचा वास खोलीभर.
मजुरी अडीचशे. हातात दोनशे तीस.
वीस कशाचे कापले?
"भात काय फुकट येते?"

रात्री सक्करदऱ्याच्या खोलीवर मी भरडा भिजवला.
पाणी जास्त झालं, थोडा भरडा अजून घातला, तो संपला.
गोळे ठेवले. झाकण उचललं.
पुन्हा उचललं.
तिसऱ्यांदा उचललं तेव्हा गोळे नव्हते,
पिवळा भात होता, गुठळ्या-गुठळ्यांचा.

शेजारच्या खोलीतला पोट्टा, पंकज सोनकुसरे,
परीक्षेचं पुस्तक काखेत घेऊन दारात आला.
काय केलं, भाऊ?
गोळाभात.
गोळे कुठं आहेत?
आहेत आत. शोध.

तो बसला. शोधू लागला.
मी कढलं तापवायला ठेवलं,
एक मिरची टाकली,
मग त्याच्याकडे पाहिलं
आणि दुसरी टाकली नाही.