जात

वारज्याच्या पुलाखाली सापडली तेव्हा
बुटाच्या खोक्यात मावायची.
आता आठ महिन्यांची. रंगावरून नाव खारी.
एक कान उभा, एक पडका.

फोन येतात. पहिलाच प्रश्न : जात कुठली?
मी सांगते, आई कर्वे पुतळ्याजवळची,
बापाचं माहीत नाही,
शेपूट मात्र कुठल्यातरी बंगल्यातली असावी.
समोरचे हसतात. कळवतो, म्हणतात.

या शहरात ‘कळवतो’चा अर्थ
मला खोली शोधतानाच कळला होता.
आडनाव सांगून झालं, की
कालच दिली हो दुसऱ्यांना.

रविवारी धायरीहून लोंढेबाई आल्या,
दोन बस बदलून,
पिशवीत कालची पोळी, दुधात कुस्करलेली.
जिना चढून धापा टाकत जमिनीवरच बसल्या.
खारीने डबा आधी चाटला, मग हात.
विचारलं एवढंच : रात्री रडते का?
थोडी, मी म्हटलं.
चालेल. मला तरी कुठे झोप लागते.

रिक्षात चढताना तिने वळून पाहिलं नाही.
उभा कान तेवढा
माझ्याकडे होता, कोपऱ्यापर्यंत.

दाराशी आता चप्पल आहे, कुरतडलेली,
डाव्या पायाची.
उजवी
मीच दिली तिच्यासोबत.