वीतभर खोल

सकाळी सहाला ओहोटी.
पार्किंगमध्ये सातजण, मांड्यांपर्यंत रबरी बूट,
आणि माझ्या हातात तुमचं फावडं, आजोबा.
दांडा तीनदा बदललाय, पातं तेच.

पातं तेच आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रस्त्यावरून खाजण सपाट दिसतं,
ओल्या हाताने थापल्यासारखं.
आत शिरलं की कळतं, मधोमध पाणी साचलंय.
भरतीला येतं आणि ओहोटीला जायचं विसरतं.
गवताची मुळं कुजतात,
जिथे गवत मरतं तिथे जमीन बसत जाते,
फुगलेली भाकरी टोचावी तशी.
समुद्र म्हणे दर वर्षी तीळभर चढतो.
ऐकायला तीळभर.

तुम्ही ऱ्होड आयलंडला आलात त्या साली गोदीत काम नव्हतं.
सरकार म्हणालं, डास मारायचेत, चर खणा.
दोरी ताणून सरळ, कमरेइतके खोल,
शंभर पावलांवर एक,
दिवसाला डॉलर आणि दुपारी वाटाण्याचं सूप.
ब्रावा बेटावरचा माणूस तुम्ही,
पावसाच्या चार थेंबांसाठी घरातली सगळी भांडी
छपराखाली मांडणाऱ्या आईचा मुलगा.
पाणी घालवायचा पगार मिळतो इथे, म्हणून
मरेपर्यंत हसायचात.

डास काही गेले नाहीत.
चरांच्या कडेला तुम्ही टाकलेली माती मात्र
बसून बसून बांध झाली,
आणि पाणी अडलंय ते त्याच बांधांच्या मागे.

मेरेडिथ म्हणते, वीतभर. वीतभरच हं.
जास्त खोल गेलात तर पुन्हा तेच होईल.
आणि सरळ नको, पाण्याला जायचंय तसं.
ती चिखलाला गाल टेकून, एक डोळा मिटून
उतार पाहते.
आम्ही थांबतो. कुणीतरी शिंकतं.
मग ती बोटाने एक वाकडी रेघ ओढते
आणि त्या रेघेवर मी फावडं ठेवते.

इथे एक चिमणी आहे, याच गवतात राहणारी.
वाटीएवढं घरटं, जमिनीपासून चार बोटं वर.
अमावास्येचं उधाण ओसरलं की ती अंडी घालते,
पुढच्या अमावास्येआधी पिल्लांना
निदान काडीवर चढता आलं पाहिजे.
पंचांग न पाहता तिला तिथी कळते.
गेल्या जूनमध्ये उधाण दोन दिवस आधीच आलं.
तीन अंडी तरंगत तरंगत चरात आली.
तुमच्या चरात, आजोबा.
मी रागावले नाही. कुणावर रागावणार?

पहिला बांध फुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.
पाणी जरा थबकलं,
नव्या घरात पाहुणा थबकतो तसं,
मग कडेकडेने निघालं, काळं, फेसाळ, वास मारणारं.
निघालेली ढेकळं आम्ही खोलगट जागी रचली,
वर गवताची रोपं खोचली.
बूट काढताना मी मेरेडिथला विचारलं, किती वर्षं?
ती मोजा पिळत म्हणाली, वीस. कदाचित तीस.
त्यानंतर याला मागे सरकायला जागा लागेल.
मागे म्हणजे कुठे, ते दोघींनी पाहिलं:
पार्किंग, रस्ता, पलीकडे आमच्या घराचं मागचं अंगण.

शेजारचा ऑर्विल दोन वेळा विचारून गेलाय,
झुल्मिरा, तुझं गवत कापायचं मशीन बिघडलंय का?
मी हो म्हटलं.
कपडे वाळत घालायच्या खांबाशी, तुम्ही रोवलेल्या,
या वसंतात तीन पाती आलीत,
बारीक, टोकदार.
एक मी चावून पाहिली.
खारट आहे.