तिरका थर

प्रिन्स अल्बर्टला जानेवारीत
ओली थापी खाली ठेवली की फळीला चिकटते.
उणे एकतीस. शाळेची भिंत मार्चपर्यंत उभी हवी,
म्हणून परांचीला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळलेली
आणि आत प्रोपेनचा हीटर.
ऊब सिमेंटसाठी होती, ते गोठू नये म्हणून.
आम्ही तिच्यातले आगंतुक.

एक कोपरा फडफडायचा, तिथून वारा घुसायचा.
मीच तो तारेने शिवून टाकला
आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

दुपारी डोकं जड झालं.
म्हटलं, काल लुसिएनच्या लग्नातली व्हिस्की.
तोबायस म्हणाला, मलाही मळमळतंय.
तोबायस लग्नाला नव्हता.
एवढी साधी गोष्ट कानाशी येऊन बसली,
आत काही शिरली नाही.

ओरेस्ट ह्रित्साक शिडीने वर आला, थर्मॉस काखेत.
माणसाआधी भिंत बघायची, ही त्याची खोड.
"हा थर कुणाचा?"
माझा.
"दोरी कुठाय?"
दोरी होती, ताणून बांधलेली.
विटा तिच्यापासून हळूहळू लांब चाललेल्या,
जत्रेत बोट सुटलेल्या पोरांसारख्या.
मी पाणसळ लावून दाखवली: बघ, बुडबुडा मधोमध.
त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं
आणि चाकू काढून
ताडपत्री वरपासून खालपर्यंत फाडली.

बाकीचं तुकड्यांत आठवतं.
तोबायस त्याच्या खांद्यावर, बूट लोंबकळणारे.
बर्फात केलेली ओकारी.
मास्कमधला प्राणवायू, रबराच्या वासाचा,
आणि मी हसतेय कारण इतक्या तासांनी
कशाला तरी वास होता.

आता माझ्या हाताखाली सहा जण आहेत.
हीटर बाहेर, ऊब नळीतून आत.
ताडपत्रीला खाली एक आणि वर एक तोंड उघडं,
अलार्म नाकाच्या उंचीवर.
पेट्रोलची करवत आत आणलेली दिसली
तर मी आईबापांसकट उद्धार करते.
पोरं कुरकुरतात, बाई, थंडी येते.
येऊ दे. ती चावते, निदान कळतं तरी.

तो थर आम्ही उतरवून पुन्हा लावला,
आज शोधूनही सापडणार नाही.
पोरांना एवढंच सांगते:
डोकं म्हणेल, सगळं ठीक आहे. त्याला विचारू नका.
दोरीला विचारा.
आणि शेजारच्याचं डोकं दुखत असेल
तर विचारा, काल तो लग्नाला होता का.