माल : इतर

काट्यावरच्या पोराला सुचेना, पावतीवर काय लिहावं.
ऊस असता, गूळ असता, तंबाखूची बोदं असती
तर हात आपोआप चालला असता.
ट्रकवर हे आडवं, दोरखंडानं करकचून,
पंख काढून अंगाशी ठेवलेले.
त्यानं पेन झटकलं, लिहिलं :
माल – इतर.

त्याआधी कोगनोळीच्या नाक्यावर दोन तास.
साहेब कन्नडातून विचारतोय, ड्रायव्हर हिंदीतून शपथा घेतोय,
आणि आमचे जिनगोंडा मालक मराठीतून एकच :
हे उडत नाही हो.
उडलं असतं तर तुमच्या नाक्यावर कशाला थांबलो असतो?

असं ते वखारीत आलं.
मी तिथं झाडते.
पूर्वी बिड्या वळायची, दिवसाला हजार.
झोपेत अजून बोटं चालतात, नवरा म्हणतो.
आता तंबाखू थोडी, वखार तेवढीच,
आणि रिकाम्या जागेला मालक लोक भितात.
कुणी लग्नाला भाड्यानं देतं.
यांनी लिलावात विमान धरलं.

मालकीणबाई आल्या, बघितलं, शिंकल्या.
"ठेव मोडून पत्रा आणला," म्हणाल्या.
जाताना मात्र त्याच्या नाकाला कुंकू लावून गेल्या.

दर गुरुवारी बाजारच्या एस्टीनं
सांबऱ्याचे सायनेकर सार्जंट येतात. पेन्शनीतले.
फिटर होते.
पिशवीत पान्हे, ग्रीसचा डबा, फडक्यात भाकरी.
चाकं थोडी फिरवून ठेवतात.
एका जागी उभं राहिलं की टायर बसतो, म्हणतात,
माझ्या गुडघ्यांकडं बघत.

पत्र्यावर जागोजाग लाल अक्षरं.
काय लिहिलंय म्हणून विचारलं.
इथं पाय देऊ नका. इथं धरू नका. इथं ढकलू नका.
म्हटलं, सगळंच नको, तर चढायचं कुठनं?
तेव्हा पहिल्यांदा हसले.

आत दोन खुर्च्या, एकामागं एक.
पुढं शिकणारा, मागं शिकवणारा.
शिकणाऱ्याला गुरुजींचं तोंड दिसत नाही,
नुसता कानात आवाज.
आमच्यात उलटं होतं :
तपासनीस समोर बसायचा,
आणि एक शब्द न बोलता मूठ मूठ बिड्या छाटात टाकायचा.

गेल्या गुरुवारी मागच्या खुर्चीखालचा केर काढायला
मला वर चढवलं. माझा हात बारीक म्हणून.
वाळू निघाली. एक बटण. वाळलेली गांधीलमाशी.
आणि अर्धी बिडी.

सार्जंट ताठ झाले.
"शक्य नाही. विमानात बिडी?
असलं आमच्यात चालत नव्हतं."

मी ती झरोक्याच्या उजेडात धरली.
पान खडखडीत, पण घडी सुटलेली नाही.
दोरा हिरवा. आमच्या कारखान्याचा.
तोंड डावीकडून मुडपलेलं.
चंपव्वा डावरी होती, माझ्या शेजारी बसायची,
तिच्या बिड्या रोज छाटात जायच्या.
डावऱ्या बायका आणखीही असतील म्हणा.

"आमचाच माल हो," म्हटलं. "वर जाऊन आलेला."

ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग त्या खुर्चीकडं बघून, मला न सांगता कुणाला तरी सांगावं तसं :
"खोकायचा फार. आम्हाला वाटायचं, थंडीनं."

मालकांनी काचेचं कपाट केलंय, आत चिठ्ठ्या लावून सगळं.
सार्जंटनी वहीत नोंद केली :
बटण एक. वाळू. गांधीलमाशी.
बिडी रुमालात, रुमाल वरच्या खिशात,
आणि साडेपाचची एस्टी.

त्या दिवशी चाकं फिरवायची राहिली.
कुलूप लावायच्या आधी मीच ढकलून बघितलं,
ढकलू नका लिहिलंय तिथंच हात टेकून.
वीतभर सरकलं.