मढला, दोन रात्री

अंदमानचा खर्च ऐकून आम्ही तो कागद
चार घड्या करून डब्यात टाकला.
मोरेश्वर म्हणाला, बेटच हवंय ना तुला?
मग हे काय समोर!
आणि वर्सोव्याच्या धक्क्यावरून पाच मिनिटांत
आम्ही परदेशी पोचलो,
रिक्षाच्या मीटरहून स्वस्तात,
मांडीवर बॅग, बॅगेत पोहण्याचे कपडे.

तेव्हापासून पाऊस.
थांबून थांबून नव्हे, सलग,
जुनं उसनं फेडायला बसल्यासारखा.

खोलीच्या भाड्यात समुद्र धरलेला होता.
तो दिसेना.
खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा
आणि त्यात एक माड
वाऱ्याशी हुज्जत घालणारा.
राखणदार ऑगस्टीन किणी चहा ठेवता ठेवता म्हणाला,
बघण्यासारखं खूप आहे इथं.
पण ते जानेवारीत.

मग पत्ते. कॅटात बदामाची सत्तीच नव्हती.
तिच्या जागी लाँड्रीची पावती लावून
आम्ही बदाम सात खेळलो.
दोघांतच डाव, त्यामुळे
समोरच्याच्या हातात काय आहे ते कळतंच.
तीस वर्षांनी तसंही कळतं.
तरी तो चौकटची सत्ती दाबून बसला,
आणि मी तरी विचारलं, आहे का?

दुपारी एका छत्रीत दोघं किनाऱ्यावर.
होड्या वर ओढून ठेवलेल्या,
निळ्या ताडपत्र्यांखाली गप्प.
एका पडवीत एक बाई जाळं सांधत होती,
पायाच्या अंगठ्यात दोरा धरून.
कुठून आलात? तिनं विचारलं.
मी नुसता हात केला, पाण्यापलीकडे.
मग बोट चुकली काय? म्हणाली,
आणि बाकावरची टोपली उचलून
आम्हाला जागा केली.
सुट्टीवर आलोय, हे सांगायचं
दोघांच्याही जिवावर आलं.

सहाच्या सुमारास कुणी
ओला फडका फिरवावा तसं झालं.
पलीकडचा काठ धुऊन पुढे आला,
सगळ्या इमारती ओळीनं,
शाळेच्या फोटोत उभ्या राहतात तशा.
डावीकडून तिसरी. पाण्याच्या टाकीतून पिंपळ उगवलेली.
वरून दुसरा मजला.
आणि आमच्या स्वयंपाकघरात
दिवा.

तूच ठेवलास.
मी नाही, तू.
पण पुढे कुणीच ते लावून धरलं नाही.
एवढीशी पिवळी टिकली.
तिच्यात मिक्सर, दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीनं मोजलेली पोराची उंची,
बंद पडलेलं घड्याळ, त्यावरून झालेली भांडणं,
सगळं मावलेलं.
इतकी वर्षं मी त्या खिडकीतून
याच किनाऱ्याकडे बघत तांदूळ धुतले.
इकडून बघायचं राहून गेलं होतं.

मोरेश्वरनं फोटो काढला.
त्यात फक्त राखाडी आलं.

मग पुन्हा सर आली,
आधी टाकी गेली, मग मजला,
दिवा तेवढा थोडा वेळ राहिला.
उद्या बोट नाय, किणी दारातून म्हणाला.
मोरेश्वरनं पत्ते पिसायला घेतले.
पलीकडे एका दिव्याचं
बिल चढत होतं.