पाग

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच पहाटे
मतलई सुटली.
डोंगराकडून येणारा वारा, त्याला मिठाचा वास नसतो.
परसातल्या तळ्यावर फणसाची पानं,
पालथी, उताणी, एकावर एक.

तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं.
एकोणऐंशी साली आबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी
इथूनच चिरे काढले,
उरलेला खड्डा पावसाने भरला.
भिंतीएवढाच आहे तो.
भिंत उचलून आत ठेवली तर बरोब्बर बसेल.

आज रविवार. साडी खोचून उतरले.
पाणी मांड्यांपर्यंत, आणि असं गार
की तोंडातून आबांचीच शिवी निघाली.
काठावरचा नेल्सन हसला.
रुजायचा नातू, तिसरीत, माझ्याच वर्गात.
उद्या शाळेत सांगणार. सांगू दे.

कमळाची पिवळी पानं देठाशी कापली,
हिरवी तीन ठेवली.
गाळ घमेल्याने वर, माडाच्या आळ्यात.
सगळा नाही काढायचा.
तळाशी बेडूक जाऊन बसलेत;
त्यांचं घर उपसायचं
आणि आपण साफसफाई केली म्हणायचं,
हे काही बरं नव्हे.
गाळात सापडलं ते असं:
एक चमचा,
पाटीवरची अर्धी पेन्सिल,
पागाची एक शिशाची गोळी.
गोळी कमरेला खोचली.

"बाई, माशांका थंडी वाजता?"
वाजते, मी म्हटलं, पण ते कुडकुडत नाहीत.
खाली जातात, हळू फिरतात, कमी खातात.
आता शितं रोज नाही टाकायची,
आठवड्यातून दोनदा, तीही उन्हं वर आल्यावर.
"मगे तेंका कोण सांगता, थंडी इली म्हणून?"
कोण सांगणार.
पाणीच.

थंडीत पाणी निवळतं, हीच पंचाईत.
मासे वरून दिसतात,
लपायला पानं नाहीत, ती मीच कापली,
आणि शेवग्यावर खंड्या सकाळपासून बसलेला,
मान तिरकी करून,
वाण्याच्या दुकानात उधारीवाला बसतो तसा.

म्हणून माळ्यावरून पाग काढला.
चार वर्षं गुंडाळून होता,
एक बाजू उंदरांनी खाल्लेली.

आबा रात्री खाडीत उभे राहायचे,
भरतीच्या तोंडावर,
एक कड दातात धरून.
अंगाला असा काही पीळ द्यायचे
की जाळं हवेत गोल उघडायचं,
आणि ते आधी तेवढंच बघायचे.
मासा मग.
मला नाही येत. मुलींना कुणी शिकवलं नाही,
आणि खरं सांगायचं तर
मीही कधी मागितलं नाही.

आज फेकायचा नव्हता, पसरायचा होता.
गोल जाळं, चौकोनी खड्डा,
चारी कोपरे उघडे राहिले.
दोनांवर झावळ्या टाकल्या,
एकावर रुजायने दिलेला मोडका पत्रा,
उंदरांनी खाल्लेली बाजू
सुंभाने ओवून घेतली, वेडीवाकडी.
खाली मासे फिरत होते पागात,
आणि कुणी ओढत नव्हतं.

शेवटचा कोपरा राहिला.
दोन्ही हातांत चिरा, काठ तर निसटतोय,
म्हणून कड दातात धरली.

मीठ.
चार वर्षं माळ्यावर, धुळीत, धुरात,
आणि अजून मीठ.

"काय झाला बाई?" नेल्सन विचारत होता,
"बाई, काय झाला?"

तोंड मोकळं नव्हतं.