टाकी नंबर सात

द्राक्षतोडीचे दिवस. पहाटे चार.
सात नंबरच्या टाकीचं झाकण उचललं
आणि नासक्या अंड्याचा भपका आला.

पिंगळेमामांनी खिशातून भोकाचा पैसा काढला,
तांब्याचा, राणीच्या नव्हे, राजाच्या काळातला.
दोन पेले भरले. एकात पैसा सोडला, ढवळलं.
"हुंग."
एका पेल्यात अंडं.
दुसऱ्यात पेरू, नुकता कापलेला.

"गंधक," मामा म्हणाले.
"यीस्ट उपाशी आहे बिचारं.
पोटाला मिळालं नाही की असं करतं.
चारा टाक त्याला."

मी चारा टाकला, वहीत वेळ लिहिली
आणि पोट आवळून बाथरूमकडे पळाले.
त्या रात्रीत सहाव्यांदा.

सांगणार कुणाला?
माझ्या नाकाचा मला पगार मिळतो.
त्याच नाकाला दीड महिना कळत होतं
की आतलीही एक टाकी बिघडलीय.
निरंजन काही बोलत नाही.
उठतो, खिडकी उघडतो,
निफाडात पारा चारवर गेल्याची बातमी चालू असताना.
लासलगावचा आहे तो.
गंधकाने डोळे चोळण्यातच
त्याचं लहानपण गेलं.

डॉक्टर थेटेबाई, कॉलेज रोड, दुसरा मजला
(खाली मिसळ, वर पोटाचे पेशंट; सोय आहे),
हसल्या नाहीत.
चिठ्ठीच्या पाठीवर एक भिंत काढली,
भिंतीवर बुळबुळीत साय, सायीवर ठिपके.

"आपण ऑक्सिजन घेतो, हे सल्फेट घेतात.
सोडतात ते हायड्रोजन सल्फाइड.
सगळ्यांच्या पोटात असतात. माझ्याही.
तुम्ही खाता काय?"

अंडी. ब्रेड. सीझनमध्ये कँटीनचं चिकन.
"कोंडा? साल? कडधान्य?"
मी भिंतीकडे बघत राहिले.

"मग आतली मंडळी सायच खरवडतात.
साय विरली की हा वायू थेट भिंतीला लागतो.
निदान आम्हाला तसं वाटतं.
सगळं अजून कळलेलं नाही."

मारून टाका ना, म्हटलं, सगळेच.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
"चिमूटभर लागतो हो तो.
भिंतीतल्या पेशी त्याच्यावरही चूल पेटवतात.
ढीगभर झाला की तोच चूल विझवतो.
मंगळवारी दुर्बीण घालून बघू. उपाशी या."

उपाशी. जिना उतरताना
तर्रीचा वास नाकात शिरला
आणि उगाचच रडू आलं.

रात्री मटकी भिजत घातली.
फडक्यात बांधताना वाटलं,
एक पैसा गिळता आला असता,
भोकाचा, तांब्याचा,
तर किती लवकर आटोपलं असतं.

आज सातमध्ये पेरू आहे.
वहीत लिहिलं, सही केली.
टाकीच्या गार पोटाला पाठ टेकून डबा उघडला:
ज्वारीची भाकरी, मटकी, थोडं ताक.
एक घास, सावकाश.
"घ्या," मी आत म्हटलं, "चारा."

"कुणाशी बोलतेस?" मामा ओरडले.

आठ नंबरशी.

"आपल्याकडे सातच आहेत गं."

हो.
आठवी मंगळवारी उघडणार आहेत.